आप्पांचे पाय कोणी उचलायचे

हालात्लाको, वाहाका
९ नोव्हेंबर २०२४

नेरेइदा,

तुझा कागद मिळाला. पत्र नव्हे, कागद. रंगीत चौकोन पाडलेला, कोपऱ्यात सूर्य आणि नारळाचं झाड काढलेला. 'दिवस पहिला ते चौथा: वाहाका शहर. दिवस पाचवा ते नववा: समुद्र.' एकोणीस वर्षांनी बहीण घरी येणार, आणि येण्याआधी मला वेळापत्रक पाठवणार! वाचता वाचता डोक्यात अशी तिडीक गेली की चुलीवरचं चॉकलेट उतू गेलं ते कळलंही नाही. आई आतून ओरडली, "काय जळतंय गं?" म्हटलं, "मी."

'ताई, तू तिथलीच आहेस, जरा बघून दुरुस्त करून दे,' असं खाली लिहिलंयस. हो गं बाई, मी इथलीच. मी कुठे गेलेय? पलीकडच्या गल्लीत ते नवं पाहुण्यांचं घर झालंय, तिथे मी चादरी धुते, खोल्या झाडते. पाहुणे गेले की केराच्या डब्यात असे कागद रोज सापडतात. शहर अमुक दिवस, समुद्र तमुक दिवस. सगळ्यांचे सूर्य सारखे, नारळाची झाडं सारखी. मला आपली वेडी आशा, की निदान माझ्या बहिणीच्या कागदावर काही वेगळं असेल.

आहे ना वेगळं! 'दिवस चौथा, सकाळी नऊ ते अकरा: आईकडे नाश्ता.' दोन तास. टेकडीवरच्या जुन्या देवळांना तीन तास दिलेस. मेस्कालची दारू चाखायला चार. स्वयंपाक शिकायला अख्खी दुपार! कोणाकडून शिकणार आहेस गं मोलेचा रस्सा करायला? कोणी तरी पांढरा अ‍ॅप्रन बांधून तुला मिरच्या भाजायला शिकवणार, आणि तू आणि तुझा ब्रेंट त्याचे फोटो काढणार. आई अजून पाट्यावर वाटते. ती फुकट शिकवेल. पण तिचे दोन तास तर नाश्त्यात संपले.

फोन का उचलत नाही म्हणून विचारतेस. नाही उचलणार. फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मला गप्प बसावं लागतं. लहानपणापासून हेच चाललंय. पत्रात तुला मध्ये रडता येत नाही. म्हणून पत्र. डॉन एराक्लियोची पार्सलगाडी दर आठवड्याला लॉस एंजेलिसला जातेच. तुझ्या खोक्यात त्लायुदांच्या, त्या मक्याच्या मोठ्या भाकऱ्यांच्या, चळतीखाली पत्र ठेवीन. त्लायुदा आधी बाहेर काढ, नाही तर माझ्या शब्दांना चरबीचा वास लागेल. लागला तर लागू दे.

आणि कागदावरची शेवटची ओळ. 'ब्रेंटला माझी लहानपणची खोली दाखवायची आहे.' ती खोली बंद आहे, नेरेइदा. तुला कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. आप्पा गेले फेब्रुवारीत. तुझी कागदपत्रं अडकली होती, बाहेर पडलीस तर परत आत घेणार नाहीत, हे सगळं मला माहीत आहे, ते पुन्हा लिहू नकोस. त्यांना त्या खोलीत ठेवलं होतं. जिथे शवपेटी होती तिथेच जमिनीवर चुन्याचा आणि रंगीत वाळूचा क्रूस काढला. गल्लीत जपमाळ सांगणाऱ्या दोन्या फिदेल्याने स्वतः काढला, आत सोलेदादची माता, आपली मेरी, काळा झगा, झग्यावर सोनेरी फुलं. अशी रांगोळी आपल्या गल्लीत कित्येक वर्षांत झाली नव्हती. नऊ संध्याकाळी जपमाळ झाली. नवव्या रात्रीनंतर पहाटे क्रूस उचलायचा, वाळू कबरीवर नेऊन घालायची, म्हणजे माणूस घरातून सुटला.

तो क्रूस उचललेला नाही. अजून तिथेच आहे. आईने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. म्हणते, "नेरेइदा येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." तेव्हापासून आप्पा गेलेले नाहीत. ती स्वयंपाकघरात खाटेवर झोपते आणि रोज संध्याकाळी उंबऱ्यावर मेणबत्ती लावून दाराशी बोलत बसते. आता बसव हे तुझ्या चौकोनात.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं: समुद्राकडे जायला नवा रस्ता झालाय, तीन तासांत प्वेर्तो एस्कोंदिदो. जुना घाटाचा रस्ता ब्रेंटला 'निसर्गरम्य' वाटत असेल तर खुशाल जा, ओकायला पिशव्या घेऊन जा.

खोक्यात केसियोचं चीज आहे, काळा मोले आहे, आणि तुला आवडतात ते लसूण-लिंबाचे नाकतोडे. आईने पाठवलेत. मी नाही.

एर्मेलिंदा


३० नोव्हेंबर

नेरेइदा,

'मला कोणीच कसं सांगितलं नाही?' वा! दर रविवारी फोन करतेस ना आईला? तिला विचारलंस, 'सगळं नीट झालं?' ती म्हणाली, 'छान झालं गं पोरी, खूप माणसं आली होती.' झालं तुझं समाधान. आईने तुला कधी वाईट बातमी सांगितलीय का? वाईट बातम्या ठेवायला घरात मी आहे ना.

आणि पुढे काय लिहितेस? 'ताई, मग तूच उचल ना. तू तर सगळं केलंस त्यांचं.' हे वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले. तिथे शेजारच्यांची कोंबडी होती, तिला दगड मारला. तिची काही चूक नव्हती.

इतकी विसरलीस? ज्या घरात माणूस गेलं त्या घरच्यांनी क्रूस उचलायचा नसतो. घरच्यांनी कडेला उभं राहून रडायचं. उचलतात ते बाहेरचे, मानाचे. आणि आप्पांनी जायच्या आधी स्वतः क्रूसाच्या पाच भागांची वाटणी करून ठेवली होती. शुद्धीत होते, चांगले उशीला टेकून बसले होते. "डोकं फिदेल्याला द्या," म्हणाले. "उजवा हात कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या मित्राला, डावा समोरच्या सुताराला. काळीज आईच्या भावाला. आणि पाय नेरेइदाला." मी म्हटलं, "आप्पा, नेरेइदा घरची आहे." तर म्हणाले, "एकोणीस वर्षं बाहेर आहे. आता ती पाहुणी. तिला चालतं."

म्हणजे बघ. तू निघून गेलीस म्हणून तुला मान. मी राहिले म्हणून मला काही नाही. त्यांचं अंग पुसलं मी. रात्री हाक मारली की उठले मी. शेवटी शेवटी चमचा तोंडात धरायला मी. आणि वाटणी झाली तेव्हा मी वाटी हातात घेऊन तिथेच उभी होते, आणि माझं नाव कोणी घेतलं नाही. मी कोणाला काही बोलले नाही. तुला बोलतेय, कारण तू लांब आहेस.

नवव्या दिवशी दोन्या फिदेल्या आईला म्हणाली, "बाकीचे चौघे आपापलं उचलतो, पायांचं नंतर बघू." आई ऐकेना. म्हणाली, "अर्धा माणूस पाठवू?" तेव्हापासून गल्लीत कुजबुज आहे. परवा भाजीबाजारात एक बाई मला म्हणते, "तुमच्या वडिलांचं अजून अडकलंय म्हणे?" जसा काही नळ अडकलाय.

आता नीट ऐक. अठरा फेब्रुवारीला वर्ष पूर्ण होतंय. त्या संध्याकाळी जपमाळ, आणि एकोणीसच्या पहाटे क्रूस. वर्ष उलटलं की पुढे चालत नाही, असं दोन्या फिदेल्या म्हणते, आणि आईनेही ते मान्य केलंय. किल्ली काढून देईन म्हणाली. तुझ्या कागदावर अठराच्या सकाळी तू समुद्राकडे निघतेस. मी त्याच्यावर लाल रेघ मारून परत पाठवतेय. आधी समुद्र, मग शहर. पोहा, लोळा, नारळपाणी प्या, आणि अठराला दुपारपर्यंत घरी या. हॉटेलवाले पैसे परत देत नाहीत म्हणतेस? मग त्या हॉटेलवाल्याला सांग, माझा बाप वर्षभर जमिनीवर पडलाय. बघू तो काय म्हणतो.

ए.


२२ डिसेंबर

नेरेइदा,

तू 'बरं' म्हणालीस. आधी समुद्र, मग घर. तारखा बदलल्यास. चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणते मी. आभार मानू? नाही मानणार. स्वतःच्या बापासाठी तारीख बदलली म्हणून आभार मानायला मी काय सरकारी खातं आहे?

आईला सांगितलं. तेव्हापासून तिच्या अंगात वारं शिरलंय. पेटीतला पांढरा टेबलक्लॉथ काढून इस्त्री केला. गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगते, "माझी नेरेइदा येतेय. विमानाने." त्या बिचाऱ्या पोस्टमनला तर दोनदा सांगितलं. एकोणीस वर्षं मी रोज कामावरून घरी येते, माझ्यासाठी कधी टेबलक्लॉथ निघाला नाही. असो. टेबलक्लॉथ इस्त्रीला मीच धरून दिला, दुसरं टोक ओढायला माणूस लागतं.

तुझे समुद्राचे प्रश्न. प्वेर्तो एस्कोंदिदोला मोठ्या लाटांच्या किनाऱ्यावर पोहू नका, तिथे लाटा माणसाला आत ओढतात. नुसतं बसून बघायचं. पोहायला त्या लहान खाडीत उतरा, जिथे होड्या लागतात. मासुंते शांत आहे. आणि सिपोलितेबद्दल ब्रेंटने विचारलंय, 'तिथलं वातावरण कसं असतं?' तिथे लोक कपडे काढून फिरतात, हे त्याला माहीत आहे ना? की माहीत आहे म्हणूनच विचारतोय? त्याला सांग, मेव्हणीने डोळे वटारलेत.

एक मात्र खरं सांगते. तुझ्या त्या यादीत 'स्थानिक घरात खरा अनुभव' असं काहीतरी लिहिलं होतंस, ते तू खोडलंस. दिसलं मला. बरं केलंस.

उद्या चौकात कोरलेल्या मुळ्यांची आरास आहे. आई म्हणते, नेरेइदाला आवडायची. आवडायची म्हणून मी जाऊन तुझ्या वाटची बघून येईन. गर्दीत लोक पाय तुडवतात, ते पण तुझ्या वाटचे.

ए.


२६ जानेवारी २०२५

नेरेइदा,

काय म्हणालीस? तळं?

परत वाचते म्हणजे माझा गैरसमज नको. 'ब्रेंटला एका तळ्याबद्दल कळलंय, रात्री त्यात हात घातला की पाणी चमकतं. चंद्र नसेल त्याच रात्री नीट दिसतं. आम्ही एक दिवस वाढवून अठराच्या रात्री उशिरा पोहोचलो तर?' तर काय, नेरेइदा? तर जपमाळ संपलेली असेल. तर माणसं जेवून उठलेली असतील. तर दोन्या फिदेल्या, जिचे गुडघे धड नाहीत, ती तुझी वाट बघत खुर्चीत बसलेली असेल. आणि आई दारात. पाणी चमकतं म्हणे! चमकू दे की. ते तळं कुठे पळून चाललंय का?

जपमाळ संध्याकाळी सहाला. सकाळी तिकडून निघा. तीन तासांचा रस्ता, उशीर झाला असं म्हणायलाही जागा नाही. मी कोणतीही सबब ऐकणार नाही, गाडी बंद पडली तर चालत या.

मी एवढी का खवळले ते सांगते. आईचं डोकं आता जागेवर राहत नाही. तुला रविवारी फोनवर कळत नाही, कारण फोनवर ती तेच चार प्रश्न विचारते आणि तू तीच चार उत्तरं देतेस. परवा मी बाजारातून आल्यावर तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तीन माणसांची ताटं मांडली. म्हणाली, "त्यांना हाक मार, गार होतंय." मी म्हटलं, "आई, आप्पा गेले." ती म्हणाली, "गेले कुठे? खोलीत आहेत. तू क्रूस उचललास का? नाही ना? मग?" तिचंच बरोबर आहे. तिचं डोकं फिरलंय की आपण तिला फिरवून ठेवलंय, हेच मला समजत नाही. क्रूस उचलला की ती त्यांना सोडेल. न उचलता ती गेली, तर दोघं अडकली असं मला आयुष्यभर वाटत राहील. तेवढ्यासाठी तू हवी आहेस. मला तुझी आठवण वगैरे येते म्हणून नव्हे.

काल तिने मला "नेरेइदा" अशी हाक मारली, आणि मी ओ दिली. दुसरं काय करणार होते?

मिरच्या आणून ठेवल्यात, टर्की सांगून ठेवलीय, बँडवाल्यांशी बोलणं झालंय. सगळी गल्ली येणार आहे. मला मान खाली घालायला लावू नकोस. एवढं एकदा माझं ऐक, मग जन्मभर नको ऐकूस.

एर्मेलिंदा


१९ फेब्रुवारी, दुपार

नेरेइदा,

हे पत्र पाठवायचं कुठे ते मला ठाऊक नाही. तुझा निरोप आला फोनवर: 'ताई, उद्या दुपारपर्यंत नक्की. एक दिवस थांबवता येईल का? प्लीज.' काल दुपारी चारला आला. अंगणात शंभर माणसांचा मोले शिजत होता, आणि तू विचारतेस थांबवता येईल का.

मी फोन चुलीत घालणार होते. दोन्या फिदेल्याने हात धरला.

आईला मी सांगितलं नाही. सहा वाजले, जपमाळ सुरू झाली. ती प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करायची. कोणी विचारलं, "नेरेइदा कुठाय?" की तीच सांगायची, "वाटेत आहे. घाट आहे ना, वळणं फार." तिच्या डोक्यात अजून जुना रस्ता. मी स्वयंपाकघरात गेले आणि पळ्या आपटल्या. जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या आपटल्या. टर्की चांगली झाली होती म्हणे. मला चव कळली नाही.

पहाटे दार उघडलं. वर्षभरात पहिल्यांदा. वास काही नव्हता, नुसती धूळ. रांगोळीचे रंग उतरले होते, मातेचा झगा काळ्याचा राखाडी झाला होता, आणि त्यावरून पालीच्या शेपटीची एक बारीक वळवळती रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बाकी जशीच्या तशी. मला वाटलं होतं मी रडेन. मला राग आला, इतकी सुंदर गोष्ट आपण वर्षभर अंधारात ठेवली म्हणून.

दोन्या फिदेल्याने डोकं उचललं. लहान झाडूने वाळू ताटात ओढली, गाणं चालू होतं. कारखान्यातल्या मित्राने उजवा हात. सुताराने डावा. मामाने काळीज, थोडं सांडलं, परत गोळा केलं. मग गाणं थांबलं. पाय राहिले. सगळे दाराकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघत होते. माझ्या डोक्यात फक्त एकच: ये, मेली, ये आता. अजून ये. आलीस तर मी काही बोलणार नाही.

कोणी आलं नाही. मामा म्हणाला, "पाय राहू द्या. ती येईल तेव्हा उचलेल."

आणि आई खुर्चीतून उठली. गळ्यातली किल्ली काढली, का कोण जाणे, ती टेबलावर ठेवली, आणि झाडू उचलून माझ्या हातात दिला.

"एर्मे, तू उचल."

माझं नाव घेतलंन बरं का. माझं. चुकली नाही.

मी म्हटलं, "आई, घरच्यांनी उचलायचं नसतं."

"पायांवाचून तो जाणार कसा?" ती म्हणाली. "वर्षभर उभा आहे बिचारा. उचल."

"पण ते नेरेइदाचे—"

"उचल म्हणते ना!"

दोन्या फिदेल्या काही बोलेल असं मला वाटलं. ती खाली मान घालून पुढचं गाणं म्हणायला लागली. मग मी गुडघ्यावर बसले आणि उचलले, नेरेइदा. तुझे पाय. म्हणजे आप्पांचे. वाळू थंडगार होती, आणि मला त्यांच्या टाचा आठवल्या, हिवाळ्यात भेगा पडायच्या आणि मी चरबी चोळायचे. मी नीट उचलले. एक कण ठेवला नाही. तुझ्यासाठीही ठेवला नाही. मुद्दाम.

सकाळी बँड लावून सगळे कबरस्तानात गेलो, वाळू घातली, फुलं घातली. परत आल्यावर आई त्या खोलीत गेली, स्वतः केर काढला, खाट टाकली आणि झोपली. अजून झोपलीय. दुपार झाली. मी दोनदा जाऊन तिचा श्वास बघून आले.

आता ये किंवा नको येऊस. समुद्राला माझा नमस्कार सांग.

ए.


९ मार्च २०२५

नेरेइदा,

मागचं पत्र यासोबतच खोक्यात घालतेय. तू इथे होतीस तेव्हा दिलं नाही. दिलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग माझं पुन्हा तेच.

ब्रेंट बाहेर ओट्यावर बसून माझ्याशी बोलला, तुला माहीत नाही. त्याचं आपल्या भाषेतलं बोलणं म्हणजे दगडांनी भरलेली पिशवी. पण कळलं. तळं-बिळं काही नव्हतं. अठराच्या सकाळी तुम्ही सामान गाडीत ठेवलंत, आणि तू ते परत खाली काढलंस. दुपारी पुन्हा ठेवलंत, पुन्हा काढलंस. रस्त्याच्या कडेला बसलीस आणि म्हणालीस, 'मी पाय उचलले तर आप्पा खरंच मरतील.' त्याने मला हे सांगितलं आणि वर मला म्हणतो, "तिला भीती वाटत होती." मला वाटत नव्हती का? मला कोणी विचारलं? मला पण कुठल्या तरी समुद्रावर बसून राहायला आवडलं असतं. माझ्यापाशी समुद्र नव्हता, नेरेइदा. माझ्यापाशी खोली होती.

तरी त्याचं एक चांगलं आहे, खोटं बोलत नाही. भांडी पण घासली त्याने. वाईट घासली.

वीसला दुपारी, सांगितल्यापेक्षाही एक दिवस उशिरा, तू दारात उभी राहिलीस. खांद्यावर ती पिशवी, नाक उन्हाने सोललेलं, चेहरा आईचा. एकदम आईचा, तरुणपणीच्या फोटोतला. मी वर्षभर जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं घशाशी आणून उभी होते. गल्लीतले लोक खिडकीत आले होते, त्यांनाही ऐकायचंच होतं. मी तोंड उघडलं, आणि आतून आईने विचारलं, "कोण गं?"

मी म्हटलं, "तुझी नेरेइदा."

ती बाहेर आली. स्वच्छ वेणी घातलेली, झोपून उठलेली. तुझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, आता सुरू होणार. टेबलक्लॉथ निघणार, माझी पोर विमानाने आली म्हणणार. पण ती तुला काय म्हणाली ते तू ऐकलंस. मी पण ऐकलं, आणि मला तेव्हापासून दुसरं काही ऐकू येत नाही.

"आत्ताच गेला गं," म्हणाली. "फार वाट बघितली तुझी. मग म्हणाला, असू दे, एर्मेलिंदा आहे ना."

आप्पा असं काही म्हणाले नाहीत. तू पण जाणतेस, मी पण जाणते. आईने ते कुठून आणलं देव जाणे. तू तिथेच दारात खाली बसलीस आणि ओक्साबोक्शी रडायला लागलीस, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं रडणं बघून गप्प बसले नाही. मी पण रडले. तुझ्यासाठी नाही.

तुझ्या कालच्या निरोपात विचारलंयस, पुढच्या वर्षी आप्पांच्या दिवशी एकटी येऊ का, आणि या वेळी हॉटेल नको, खोलीत झोपले तर चालेल का. चालेल. दुसरी खाट आहे. कबरीवर फुलं घाल, हवी तेवढी. आईशी बोल, जोवर ती तुला ओळखते. पाटा, चूल, खोली, सगळ्यात तुझा अर्धा हिस्सा आहे, मी कधी नाही म्हटलेलं नाही.

पण ते वाक्य माझं आहे, नेरेइदा. त्यात वाटणी मागू नकोस.

एर्मेलिंदा